डोळ्याच्या पडद्याची शीर बंद झाली, तर ऑपरेशन नेमकं कशाचं होतं?

सकाळी उठल्यावर एका डोळ्यापुढं धुकं. दुखत नाही, डोळा लाल नाही, चिपडं नाहीत. बहुतेक जण चार दिवस वाट बघतात, मग चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासतात. नंबराने काही फरक पडत नाही तेव्हा कुठं नेत्रतज्ज्ञ गाठला जातो आणि तिथं कळतं की मागच्या पडद्याची शीर ब्लॉक झालीय. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हृदयाची नस उघडतात तशी ही उघडून द्या की!

ही शीर उघडत नाहीत. ऑपरेशन, लेझर, इंजेक्शन हे सगळं शीर बंद झाल्यामुळं मागं जे साचतं, कुजतं आणि नको तिथं उगवतं त्यावर असतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. ते बसलं नाही तर दोन इंजेक्शनं घेऊन "शीर काही उघडली नाही" म्हणत माणूस उपचार सोडतो, आणि डोळा तिथंच हातचा जातो.

कृष्णाकाठच्या अथणी-रायबागच्या ऊस लावणाऱ्यांना हे लवकर कळतं. पडद्याला रक्त आणणारी धमनी म्हणजे पाण्याचा पाट, आणि रक्त परत नेणारी शीर म्हणजे निचऱ्याचा चर. हृदयविकारात पाट बंद पडतो. इथं चर बुजतो. पाणी येतच राहतं, जायला वाट नाही, म्हणून रान चिबडतं. पडद्यावर रक्ताचे ठिपके उठतात आणि मधोमध, जिथून आपण अक्षर वाचतो त्या पीतबिंदूवर, सूज येते. निचरा फारच तुंबला तर नवं पाणीही आत शिरेना होतं आणि पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो.

शीर कुठं बंद झाली यावर सगळं अवलंबून आहे. पडद्यावर धमनी आणि शीर जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं दोघींवर एकच आवरण असतं. बीपीमुळं धमनी टणक झाली की ती खालच्या शिरेला दाबते आणि फांदीची शीर बंद होते. यात पडद्याचा एक कोपराच बिघडतो. मुख्य शीर मात्र डोळ्याच्या मज्जातंतूतून, चाळणीसारख्या पट्टीतून बाहेर पडताना बंद होते. तेव्हा चारही बाजूंना रक्त पसरलेलं दिसतं. फांदीच्या आजारात नजर परत मिळण्याची आशा बरीच जास्त. रिपोर्टवर बीआरव्हीओ लिहिलं असेल तर फांदी, सीआरव्हीओ असेल तर मुख्य शीर.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी घरच्या घरी एकच काम करायचं: बीपी मोजायचं. कित्येकांना आपल्याला बीपी आहे हे डोळ्यामुळंच कळतं. ते १८०/११० च्या वर असेल तर आधी फिजिशियन, मग डोळा. डोळ्यात मध, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध यातलं काहीही घालू नका. आजार डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आहे, वरून घातलेला थेंब तिथं पोचत नाही. पुढं ऑपरेशन लागलं तर जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढतो.

रेटिनाचा, म्हणजे पडद्याचा, डॉक्टर आठवड्याच्या आत गाठा. बेळगावात केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे. खानापूरकडच्यांना हुबळीही फार लांब नाही, तिथं एम. एम. जोशी नेत्रसंस्था आहे. निपाणीहून कोल्हापूर आणि अथणीहून मिरज जवळ पडतं. नाव कुठलंही असो, तिथं ओसीटी (पडद्याची जाडी मोजणारं) मशीन, लेझर आणि दर महिन्याला येणारा रेटिना सर्जन आहे का, हे फोनवर विचारून मगच जा. पाच-सहा महिने त्याच दारात जायचं आहे. म्हणून मोठ्या नावापेक्षा जवळचं ठिकाण बरं.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत: नजरेची नोंद, डोळ्याचा दाब, आणि बाहुलीच्या काठावर व बुबुळाच्या कोपऱ्यात (जिथून डोळ्यातलं पाणी निचरतं) नव्या रक्तवाहिन्या आहेत का याची तपासणी. थेंब घातल्यावर बाहुलीच्या काठाचे बारीक लाल धागे दिसेनासे होतात. गर्दीच्या ओपीडीत नोंदणी होताच थेंब घालायची घाई असते. अशा वेळी "शीर ब्लॉकचा पेशंट आहे, आधी कोपरा बघायचाय" असं नर्सला नम्रपणे सांगायला हरकत नाही. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का, हेही याच वेळी बघतात. आजारी डोळ्याची बाहुली सुस्त असेल तर पडदा बराच उपाशी आहे असा अंदाज येतो.

मग ओसीटी. हनुवटी टेकवून दिव्याकडं बघायचं, दोन मिनिटांचं काम. पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये येते. मधल्या भागात साधारण २५० ते ३०० च्या आत असायला हवी, सूज असली की ती ५००-६०० पर्यंतही जाते. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्यावर होतील. रक्त विरल्यानंतर फ्लुरोसीन अँजिओग्राफी करतात. त्यात हाताच्या शिरेतून पिवळं औषध देतात, २० टक्क्यांचं ३ मिली किंवा १० टक्क्यांचं ५ मिली. क्षणभर मळमळतं, आणि दिवसभर लघवी गर्द पिवळी-नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर आधी सांगा. पडद्याचा किती भाग उपाशी आहे ते या फोटोंत कळतं. मुख्य शिरेच्या आजारात मज्जातंतूच्या चकतीच्या दहापट किंवा त्याहून जास्त भाग कोरडा असेल तर तो धोक्याचा प्रकार धरतात.

बीपी, साखर व एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, सीबीसी, ईएसआर आणि ईसीजी हे सगळ्यांना लागतं. पन्नाशीच्या आतल्या माणसाला, विशेषतः बीपी-शुगर नसताना हे झालं असेल, तर होमोसिस्टीन आणि रक्त गोठण्याच्या तपासण्याही करतात. तरुण बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर ते डॉक्टरांना न लाजता सांगायला हवं. दुसऱ्या डोळ्यात काचबिंदू लपलेला असतो का, हेही बघून घ्या, तोही या आजाराचं एक कारण आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी शिरेतली रक्ताची गाठ विरघळत नाही. हृदयासाठी त्या चालू असतील तर चालू ठेवा, डोळ्यात रक्त दिसलं म्हणून मनाने बंद करू नका.

शीर उघडायचे प्रयत्न झाले, आणि का थांबले

१९८८ मध्ये ऑस्टरलो आणि चार्ल्स या अमेरिकी सर्जननी ओलांडणीच्या जागी धमनी आणि शिरेवरचं सामायिक आवरण कापून दोघींना वेगळं केलं. त्याला शीथोटोमी म्हणतात. कल्पना बिनतोड होती, काही डोळे सुधारलेही. पण पुढं दिसलं की सुधारणेतला बराच वाटा ऑपरेशनवेळी डोळ्यातला जेलीसारखा द्रव, म्हणजे व्हिट्रियस, काढल्याचाही असू शकतो. शिवाय सुरी जिथं चालते तिथून धमनी केसभर अंतरावर असते.

मुख्य शिरेसाठी २००१ मध्ये ओप्रेमचाक यांनी मज्जातंतूच्या नाकाकडच्या काठावर बारीक पात्याने उभा छेद देऊन चाळणीच्या पट्टीचा दाब मोकळा करायची पद्धत मांडली. तिच्यात नजरेचा एक पट्टा कायमचा जाणं, रक्तस्राव, पडदा सुटणं हे प्रकार दिसले. त्याआधी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला मॅकॲलिस्टर आणि कॉन्स्टेबल यांनी लेझरने पडद्याची शीर खालच्या थरातल्या शिरेला जोडून रक्ताला आडवाट काढून दिली. ती जोडणी प्रत्येक डोळ्यात धरत नाही, आणि धरली तरी त्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटू शकतात. थेट शिरेत सुई घालून गाठ विरघळवणारं औषध सोडायचेही प्रयोग झाले. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या ल्युवेन इथं हे काम यंत्रमानवाच्या हाताने करून दाखवलं, कारण माणसाचा सगळ्यात स्थिर हातही एवढ्या बारीक शिरेत दहा मिनिटं सुई धरू शकत नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की आज कुणी "शीर उघडून देतो" म्हणून मोठी रक्कम सांगत असेल तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. इंजेक्शनं आल्यावर ही ऑपरेशनं रोजच्या कामातून मागं पडली.

सूज: इंजेक्शनचा रस्ता

उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो, त्याने शिरा झिरपतात आणि सूज वाढते. डोळ्यात दिलेलं औषध हे रसायन अडवतं. बेव्हासिझुमॅब १.२५ मिलिग्रॅम, रॅनिबिझुमॅब ०.५ मिलिग्रॅम, ॲफ्लिबरसेप्ट २ मिलिग्रॅम, ही नेहमीची औषधं ०.०५ मिली, म्हणजे एका थेंबाएवढी देतात. बेव्हासिझुमॅब सगळ्यात स्वस्त, कारण ती मूळची कॅन्सरची मोठी कुपी असते आणि तिच्यातून छोटे भाग काढतात. स्वस्त म्हणून वाईट नाही. पण ते भाग निर्जंतुक ठिकाणी भरलेले आहेत का, हे विचारा, धोका तिथं आहे. भारतात रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्ती २०१५ पासून मिळते, तिची किंमत मूळ कंपनीपेक्षा बरीच कमी.

उशीर किती महागात पडतो त्याचे आकडे २०१० मध्ये आलेल्या क्रूझ अभ्यासात आहेत. मुख्य शीर बंद झालेल्या ज्यांना दर महिन्याला रॅनिबिझुमॅब मिळालं, ते सहा महिन्यांत तक्त्यावर सरासरी १५ अक्षरं जास्त वाचू लागले. ज्यांना खोटं इंजेक्शन दिलं त्यांची वाढ जेमतेम एक अक्षर. सहा महिन्यांनी त्यांनाही खरं औषध सुरू झालं, तरी वर्ष संपताना ते साधारण ७ अक्षरांवर होते, आधीपासून घेणारे १४ वर. म्हणजे "ऊस गेल्यावर बघू" म्हणून ढकललेले महिने नंतर भरून येत नाहीत.

इंजेक्शनचा दिवस असा असतो. भुलीचे थेंब तीन-चारदा. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात, डोळ्याच्या आत ५ टक्क्यांचं. हे झोंबतं, पण याच्यामुळंच जंतुसंसर्ग टळतो, म्हणून "नको, आग होते" म्हणू नका. पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात. बुबुळाच्या काठापासून ३.५ ते ४ मिमीवर ३० नंबरच्या सुईने टोचतात. दाब जाणवतो, दुखत फारसं नाही. लगेच बोटं मोजायला लावतात. ती दिसली म्हणजे दाब वाढून धमनी बंद झालेली नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो आठवडा-दोन आठवड्यांत जातो. पण दोन ते पाच दिवसांत दुखणं वाढत जाणं, लाली आणि नजर घटणं हे तिन्ही एकत्र आलं तर त्याच रात्री दवाखाना. हजारो इंजेक्शनांत एखाद्याला हे होतं, आणि तिथं तास मोजावे लागतात. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका आला असेल तर इंजेक्शनआधी आवर्जून सांगा.

पहिली तीन ते सहा इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने. मग ओसीटीवर पडदा कोरडा राहिला तर अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात. पुन्हा सूज आली तर मागं येतात. मुख्य शिरेच्या बऱ्याच रुग्णांना दोन वर्षांनंतरही अधूनमधून इंजेक्शन लागतं. लोक बहुतेक तिसऱ्या इंजेक्शननंतर गळतात, कारण दिसायला लागलेलं असतं.

दर महिन्याला यायला जमतच नसेल तर डेक्सामेथासोनचं ०.७ मिलिग्रॅमचं विरघळणारं रोपण हा दुसरा मार्ग. तांदळाच्या कणीएवढी काडी सुईनेच आत सोडतात, जोर साधारण दोन महिन्यांनी सगळ्यात जास्त, असर साधारण तीन-चार महिने. खोट म्हणजे डोळ्याचा दाब वाढतो, तोही साधारण दोन महिन्यांनीच, आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. आधीचा काचबिंदू असेल तर हे जपूनच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागची पिशवी फाटलेली असेल तर काडी पुढं सरकून डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला) धोका होतो, म्हणून जुनी डिस्चार्ज समरी सोबत न्या.

नव्वद दिवसांचा पहारा

उपाशी पडद्याच्या हाकेला ओ देऊन बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात, डोळ्याचा आतला निचरा बंद करतात आणि दाब ५०-६० पर्यंत चढतो. पूर्वीपासून डॉक्टर याला नव्वद किंवा शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात, कारण तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. आधी बरा दिसलेला डोळाही बदलतो. १९९०च्या दशकात मुख्य शिरेवर झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात चांगल्या (कमी उपाशी) प्रकारातले सुमारे एक तृतीयांश डोळे तीन वर्षांत धोक्याच्या प्रकारात गेले. म्हणून मुख्य शीर बंद झालेल्याला पहिले सहा महिने दर महिन्याला थेंब घालण्याआधीची बुबुळाची तपासणी हवीच, इंजेक्शन असो वा नसो. इंजेक्शन चालू असताना या वाहिन्या दबून राहतात, आणि ते थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांनी उफाळू शकतात. पहारा तिथून पुन्हा मोजायचा.

वाहिन्या दिसल्या की लेझर. पडद्याच्या कडेच्या भागावर १२०० ते २००० ठिपके, एक किंवा दोन बैठकांत. उपाशी भाग स्वतःच जाळून टाकला की तो हाका मारत नाही. फांदीच्या आजारात फक्त त्या कोपऱ्यावर, चार-पाचशे ठिपके पुरतात. यानंतर रात्रीचं थोडं कमी दिसतं. ते सोसावं, कारण दुसरीकडं डोळा जातो. वाहिन्या दिसायच्या आधीच लेझर करायचं नाही हा नियम आहे, पण ज्याला परत येणं जमणार नाही त्याच्यासाठी डॉक्टर तो मोडतात. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून बेळगाव गाठणं किती अनिश्चित असतं ते डॉक्टरांना ठाऊक असेलच असं नाही. पहिल्या भेटीतच ते सांगा.

व्हिट्रेक्टमी कधी आणि कशी

मोठं ऑपरेशन म्हणतात ते हे, डोळ्यातली जेली (व्हिट्रियस) काढायचं. तीन कारणांनी करतात. नव्या वाहिन्या फुटून डोळ्याच्या पोकळीत रक्त भरलं आणि ते महिना-तीन महिन्यांत विरलं नाही. पडद्यावर जाळी येऊन तो ओढला गेला किंवा सुटला. किंवा लेझर करायचंय पण रक्तामुळं आतलं काही दिसतच नाही आणि बुबुळावर वाहिन्या आल्या आहेत. या शेवटच्या प्रसंगी महिनाभर थांबायचं नसतं. रक्त भरलेल्या डोळ्याची बी-स्कॅन सोनोग्राफी दर भेटीत करून घ्या, त्यात पडदा सुटलेला दिसला तर लगेच ऑपरेशन. नुसती सूज घालवायला व्हिट्रेक्टमी आता क्वचितच.

तयारी. फिजिशियनचं फिटनेस, ईसीजी, साखर, एचआयव्ही-एचबीएसएजी. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच. ती चुकली की ऑपरेशन टेबलावर बीपी चढतं आणि तारीख पुढं जाते. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन मात्र उपाशी असताना घ्यायचं का, हे आदल्या दिवशी विचारा. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन चालू असेल तर निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. तासभर उताणं, न खोकता पडून राहता येतं का, हे घरी करून बघा. दमा असेल, कंबर धरत असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा, गुडघ्याखाली उशी दिली तरी फरक पडतो. ऑपरेशनआधी एक ते पाच दिवस अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन दिलं की रक्तस्राव कमी होतो.

टेबलावर डोळ्याच्या मागं लिग्नोकेन-बुपिव्हॅकेनचं भुलीचं इंजेक्शन देतात. दिव्याचा उजेड, सावल्या, मशीनची टिकटिक कळते, दुखत नाही. तोंडावरच्या कापडाखाली ऑक्सिजनची नळी असते. खोकला येतोय असं वाटलं तर मान न हलवता आधी तोंडाने सांगायचं. हे शब्दशः पाठ करून घ्या, कारण सुई त्या वेळी पडद्यापासून मिलिमीटरवर असू शकते.

बुबुळाच्या काठापासून ३.५ मिमीवर (मूळचं भिंग असेल तर ४ मिमी) तीन नळ्या बसवतात, २३ किंवा २५ गेजच्या. म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, टाके बहुधा लागत नाहीत. एकीतून सलाईन आत येतं आणि डोळ्याचा दाब २५-३० वर राखतं, दुसरीतून दिवा, तिसरीतून कटर. कटर मिनिटाला हजारो वेळा बारीक कापत रक्ताळलेली जेली ओढून घेतं. आधी मधला भाग, मग पडद्यावरचं आवरण सोडवतात. ते पारदर्शक असल्याने पांढरं ट्रायमसिनोलोन टाकून दिसतं करतात. घाईने ओढलं तर पडद्याला भोक पडतं, या ऑपरेशनची बहुतेक दुखणी इथं सुरू होतात. जाळी असेल तर ती निळ्या रंगाने रंगवून चिमट्याने सोलतात. मग आतूनच लेझर. शेवटी कडेला भोक राहिलं का, हे बाहेरून दाबून गोल फिरून तपासतात. ही फेरी वगळली तर चार आठवड्यांनी पडदा सुटून रुग्ण परत येतो.

शेवटी डोळ्यात काय भरलं ते डिस्चार्जआधी विचारून लिहून घ्या: सलाईन, हवा, गॅस की सिलिकॉन तेल. नुसत्या रक्तासाठी सलाईन पुरतं. पडदा सुटला असेल तर गॅस किंवा तेल. एसएफ६ गॅस साधारण दोन आठवडे राहतो, सी३एफ८ सहा ते आठ. तेल तीन-सहा महिन्यांनी काढायला दुसरं ऑपरेशन लागतं.

गॅस आणि घाट

आपल्या भागातल्या रुग्णाला हे आवर्जून सांगायला हवं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. खानापूर-बेळगावचे बरेच जण बांबोळीला, गोव्यात उपचार घेतात. तिथं समुद्रकाठी डोळ्यात गॅस भरला आणि त्याच आठवड्यात चोर्ला घाटाने गाडी वर चढवली, तर बाहेरची हवा विरळ झाल्याने आतला गॅस आठ-नऊ टक्के फुगतो. डोळ्याची पोकळीच चार मिलीची, त्यामुळं तेवढ्यानेही दाब चढून असह्य दुखतं आणि धमनी दबली तर नजर जाऊ शकते. सावंतवाडीहून आंबोली घाटाने येणाऱ्यांचंही तेच. म्हणून गॅस लागण्याची शक्यता असेल तर ऑपरेशन पठारावर करा, बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर कुठंही. गोव्यातच करावं लागलं तर गाव घाटावर आहे हे सर्जनला आधी सांगा आणि बुडबुडा विरेपर्यंत खालीच नातेवाइकांकडं राहा. सांबऱ्याहून विमान पूर्ण बंद, महाबळेश्वरची सहलही नको. या काळात दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला डोळ्यात गॅस असल्याचं सांगा, नायट्रस ऑक्साइडने तो झपाट्याने फुगतो. बुडबुडा रुग्णाला स्वतःलाच दिसतो, पाण्याच्या पातळीसारखी हलणारी रेघ. रेघ खाली सरकत जाऊन गोळी उरते, मग नाहीशी होते.

मान खाली घालून राहायला सांगितलं असेल तर जेवण आणि संडास सोडून तसंच राहायचं. उताणं झोपायचं नाही.

घरी आल्यावर

अँटिबायोटिकचे थेंब दिवसातून चार वेळा, प्रेडनिसोलोनचे सुरुवातीला सहा वेळा आणि मग चार-सहा आठवड्यांत कमी करत. प्रेडनिसोलोनची बाटली हलवूनच घालायची, औषध तळाशी बसतं. दोन औषधांत पाच-दहा मिनिटांचं अंतर. दोन आठवडे डोक्यावरून आंघोळ नको, चुलीचा धूर, गुऱ्हाळ, गोठ्याची झाडलोट, तंबाखूची वखार यांपासून लांब. टीव्ही बघितल्याने काही होत नाही.

दुसऱ्या दिवशीची दाबाची तपासणी चुकवू नका. उलटीसह दुखणं म्हणजे दाब वाढला. नजर घटत जाऊन दुखणं म्हणजे संसर्ग. कडेने काळा पडदा सरकत येणं म्हणजे पडदा सुटतोय. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. मूळचं भिंग असलेल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोन वर्षांत मोतीबिंदू होतो, तो ऑपरेशन बिघडल्याचा पुरावा नव्हे. सूज पुन्हा आली तर जेली काढलेल्या डोळ्यातून इंजेक्शन लवकर धुऊन जातं, तिथं डेक्सामेथासोनची काडी जास्त उपयोगी पडते.

दाब चढलेला डोळा

काचबिंदू उठलाच तर क्रम असा: दाब उतरवायचे थेंब, ॲसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या (मूत्रपिंडाचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर नको), गरज पडली तर मॅनिटॉल. त्याच दिवशी डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ, त्याने काही आठवड्यांची उसंत मिळते. त्या उसंतीत लेझर पूर्ण व्हायलाच हवं. तरी दाब उतरला नाही तर अहमद झडप किंवा मदुराईच्या ऑरोलॅबची आडी ही निचऱ्याची नळी बसवतात. आडीची किंमत बरीच कमी आहे. ज्या डोळ्याला उजेडही दिसत नाही आणि फक्त दुखतंय, त्याच्यावर डायोड लेझरने पाणी तयार करणारा भाग जाळतात. तिथं नजर परत येत नाही, पण माणसाला झोप लागते, आणि तेही मोठं काम आहे.

कागदपत्रं

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. मोठ्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, म्हणून आधी बिम्स किंवा तालुका रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेला जात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव सांगून विचारा. दोन्हीकडं मंजुरी ऑपरेशनआधी, नंतर पैसे परत मागून उपयोग नाही. इंजेक्शन पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं, हाही प्रश्न आधीच.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा, ते मागणं तुमचा हक्क आहे. त्यात तीन गोष्टी विचारा: हे ऑपरेशन सुजेसाठी, रक्तासाठी की दाबासाठी? आत काय भरणार? आणि किती नजरेची आशा धरायची? फाईलमध्ये पहिल्यापासूनचे ओसीटी, अँजिओग्राफीचे फोटो, प्रत्येक इंजेक्शनचं नाव-तारीख आणि लेन्सचं कार्ड एकत्र ठेवा. बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, त्यामुळं येताना मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नका, बरोबर कुणीतरी असू द्या.

घरी रोज सकाळी एकाच जागी उभं राहून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख एकेक डोळा झाकून वाचायची. आजारी डोळ्याने आकडा वाकडा किंवा पुसट दिसू लागला तर सूज परत आली. चांगल्या डोळ्याने तसं दिसलं, तर त्याच दिवशी निघायचं.